कार्डशीट घ्यायला निघालात? आधी एवढं ऐका

राख्या, गणपती, मग दिवाळी. सीझन जवळ आला की आपल्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या आवाजात यायला लागतो. "ताई, यूट्यूबवर ती बाई ११० एलबी कार्डस्टॉक वापरते, तो आपल्याकडे कुठे मिळतो? आणि परवडेल असा सांगा हां."

तर आजचा अख्खा भाग फक्त कागदावर. शाई नाही, डाय-कटिंगचं मशीन नाही, कागद. ज्यांनी मागच्या वेळी "आकडे लिहून द्या ना, बसमध्ये ऐकताना लक्षात राहत नाहीत" असं कळवलं होतं, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना जे राहून गेलं तेही यात घातलंय.

आधी माझं मत सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकायला सोपं जाईल. पाकिटावर "क्राफ्ट" किंवा "प्रीमियम कार्डस्टॉक" लिहिलंय म्हणून कागद चांगला ठरत नाही. कागद चांगला की नाही हे तीन गोष्टींवरून कळतं: त्याचं वजन, त्याच्या तंतूंची दिशा आणि त्याचा पृष्ठभाग. या तीन गोष्टी तुम्हाला दुकानात उभ्या उभ्या तपासता आल्या, तर तुम्ही कागदवाल्याकडचा साधा मोठा शीट घेऊनही झकास काम कराल. आणि नाही आल्या, तर महागड्या पाकिटातल्या कागदावरही ठसा पसरेल, घडी फुटेल.

पहिली अडचण शब्दाची. "कार्डस्टॉक" म्हटलं की आपल्याकडचे बरेच दुकानदार नुसते बघत राहतात. ते कार्डशीट म्हणतील, जाड पेपर म्हणतील, नाहीतर थेट प्रकाराचं नाव घेतील: आयव्हरी, आर्ट कार्ड, डुप्लेक्स, क्राफ्ट, मेटॅलिक. शाळेत हस्तकलेला आपण वापरायचो तो घोटीव कागद यात येत नाही, तो पातळ आणि एका बाजूनं चकचकीत. चार्ट पेपरही बहुतेक वेळा कार्डाच्या बेससाठी लेचापेचा पडतो. म्हणून दुकानात गेल्यावर "कार्डस्टॉक आहे का?" असं विचारू नका. "काका, २५० जीएसएममध्ये पांढरा आयव्हरी दाखवा, कोटिंग नसलेला," असं म्हणा. काका लगेच वर बघतात. गिऱ्हाइकाला काहीतरी कळतंय हे त्यांना कळतं.

आता हे जीएसएम. एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, बस एवढंच. घरातला झेरॉक्सचा कागद साधारण ७० ते ८० जीएसएम असतो. कार्डाच्या बेसला मी २२० ते ३०० च्या मधला घेते. त्यावर चिकटवायचा ठशाचा तुकडा, म्हणजे पॅनेल, १६० ते २२० चाही चालतो, कारण त्याला मागून बेसचा आधार असतो. पॉप-अप, छोटे डबे, आकाशकंदिलाच्या पाकळ्या असलं काही करायचं असेल तर २०० ते २५०. ३०० च्या वर गेलात की हाताच्या कटरनं कापताना मनगट बोलायला लागतं आणि घरच्या छोट्या प्रिंटरमध्ये कागद अडकण्याची शक्यता वाढते.

ही झाली पुस्तकी माहिती. मजा पुढे आहे. पाकिटावर २५० लिहिलेलं असतं, पण आत खरंच २५० चा कागद आहे का, हे घरच्या किचन स्केलवर कळतं!

ए-झिरो नावाचा जो सगळ्यात मोठा मापाचा कागद असतो, त्याचं क्षेत्रफळ बरोबर एक चौरस मीटर. त्याला चार वेळा मधोमध कापलं की ए-फोर येतो. म्हणजे १६ ए-फोर मिळून एक चौरस मीटर. म्हणून ए-फोरचे १६ कागद वजनकाट्यावर ठेवा. जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढा जीएसएम. २५० ग्रॅम आले? कागद २५० चा. पाकिटात दहाच कागद असतील तर दहांचं वजन करा आणि त्याला १.६ नं गुणा. २५० चे दहा कागद साधारण १५६ ग्रॅम भरतात. एकच कागद ठेवू नका, घरच्या काट्याला अर्धा ग्रॅम कळत नाही. हवेतल्या दमटपणानं आणि कारखान्यातल्या फरकानं पाचेक टक्के खालीवर धरून चाला. पण २५० च्या पाकिटात दहा कागद १२० ग्रॅम भरले, तर तो कागद १९०-१९५ च्या आसपासचा आहे आणि ते पाकीट परत करायला तुमच्याकडे आता पुरावा आहे. आणि हो, आधी पट्टी लावून बघा. ए-फोर म्हणजे २१० गुणिले २९७ मिलिमीटर. काही पाकिटांतले कागद कडेला थोडे कमी कापलेले असतात, मग हा हिशोब चुकतो आणि कार्डही पाकिटात सैल बसतं.

आता "११० एलबी"चं गौडबंगाल. अमेरिकेत कागदाचं वजन पौंडात सांगतात, पण ते एका ठरावीक मापाच्या ५०० शीटचं वजन असतं. आणि ते ठरावीक माप कागदाच्या प्रकाराप्रमाणे बदलतं! त्यामुळे ११० एलबी "कव्हर" म्हणजे जवळपास ३०० जीएसएम. ११० एलबी "इंडेक्स" म्हणजे फक्त २०० च्या आसपास. आकडा तोच, पण कागद दीडपट वेगळा. आणि वॉटरकलरच्या कागदावर १४० एलबी लिहिलं असेल तर तोही ३०० जीएसएमच. तर व्हिडिओत ८० एलबी कव्हर म्हटलं की मनात २१६ धरा, १०० एलबी कव्हर म्हटलं की २७०. त्या व्हिडिओंमध्ये नीना कंपनीचा सोलर व्हाइट कागद सारखा ऐकू येतो ना? त्याचे ८० आणि ११० हे दोन्ही कव्हरचेच आकडे. म्हणजे आपल्याकडे २२० आणि ३०० जीएसएमचा गुळगुळीत, कोटिंग नसलेला पांढरा कागद मागितलात की तुम्ही त्याच गल्लीत आलात. कुरियरचे पैसे वाचले.

एक बारीक गोष्ट. जीएसएम म्हणजे जाडी नव्हे. दोन कागद २५० चे असूनही एक जाड आणि पोकळ, दुसरा पातळ आणि घट्ट असू शकतो. डुप्लेक्स घ्या, वरून पांढरा, मागून करडा, मिठाईच्या नाहीतर औषधाच्या खोक्याचा असतो तो. हातात ताठ लागतो कारण मधला थर फुगीर, पुनर्वापराच्या लगद्याचा असतो. खोकी, मखराची कमान, पाठीचा आधार यांना एकदम बेस्ट आणि स्वस्त. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून गणपतीच्या सजावटीत पुठ्ठा आणि डुप्लेक्स किती दिसायला लागलाय बघा. पण शुभेच्छापत्राच्या बेसला मी तो घेत नाही. उघडलं की आत करडं दिसतं.

चला, आता आजचा खरा मुद्दा. घडी.

नाशिकच्या एका श्रोतीनं व्हॉइस नोट पाठवली होती. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, कार्डं करून विकते, त्यातून बसचा पास आणि मोबाइलचा रिचार्ज निघतो. तिला बारशाच्या ४० आमंत्रणांची ऑर्डर मिळाली. कागद चांगला २५० चा, वजन बरोबर, रंग सुंदर. आणि प्रत्येक कार्डाची घडी फुटली. घडीवर पांढऱ्या भेगा, कडा दातेरी. ऑर्डर देणाऱ्या काकू म्हणाल्या, "अगं, जुनी वाटतात गं ही." दुसरा कागद आणायचा तर नफा संपला. तिचा प्रश्न होता, "ताई, कागदाचा दर्जा खराब होता का?"

कागद उत्तम होता. कापण्याची दिशा उलटी होती.

कागद मशीनवर बनताना पातळ लगदा धावत्या जाळीवर पडतो आणि त्यातले तंतू बरेचसे जाळी धावते त्या दिशेला झोपतात. याला ग्रेन म्हणतात. लाकूड कसं शिरेच्या दिशेनं सहज चिरतं आणि आडवं चिरायला त्रास देतं, तसंच हे. ग्रेनच्या दिशेनं घडी घातली तर तंतू एकमेकांपासून बाजूला होतात, घडी सुरेख बसते. ग्रेनला आडवी घडी घातली तर तंतू मोडतात आणि मोडले की वरचा थर फाटतो. कागद जितका जाड, तितकं हे जास्त. ८० च्या कागदात कळतही नाही, २५० मध्ये बोंब होते.

ग्रेन ओळखायचा कसा? कागद टेबलावर ठेवा, एक कड उचलून समोरच्या कडेवर आणा, घडी न घालता नुसता गोल वाकवा आणि वरून तळहातानं हलकं दाबा. आता कागद फिरवा, दुसऱ्या बाजूनं तेच करा. (इथे मी माईकजवळ दोन्ही बाजूंनी कागद वाकवून दाखवला होता. एकदा नुसतं 'फस्स' आणि एकदा 'कडकड' असं जे ऐकू आलं, ते हेच.) ज्या बाजूनं सहज वाकला, जो गोल तयार झाला, त्याच्या लांबीला समांतर ग्रेन. कागद फार जाड असेल आणि कळत नसेल तर कोपऱ्यातून दोन बोटांएवढा चौकोनी तुकडा कापा, तो कागदात कसा बसत होता त्याची खूण करा आणि एक बाजू ओली करा. तुकडा आपोआप नळीसारखा वळतो. ती नळी ज्या दिशेला लांब, त्या दिशेला ग्रेन.

आता ए-फोरचं गणित. पुष्कळ ए-फोर कागदांत ग्रेन लांब बाजूला, म्हणजे २९७ च्या बाजूला असतो. सगळ्यांत नाही हं, तपासून घ्या. पण आहे असं धरू. एका ए-फोरमधून ए-सिक्स मापाची दोन कार्डं निघतात आणि ती काढायच्या दोन पद्धती आहेत. पहिली: कागद २९७ च्या बाजूच्या मधोमध कापा, १४८ गुणिले २१० चे दोन तुकडे होतील, मग प्रत्येकाची २१० ची बाजू मधोमध दुमडा. घडी ग्रेनच्या दिशेनं आली. दुसरी: कागद उभा चिरा, १०५ रुंदीच्या दोन लांब पट्ट्या करा आणि प्रत्येक पट्टी मधोमध दुमडा. घडी ग्रेनला आडवी. दोन्ही कार्डं बंद केल्यावर मापाला अगदी सारखी! आमच्या नाशिककर मुलीनं दुसरी पद्धत वापरली होती, कारण लांब पट्ट्या कापायला एकच सरळ रेघ मारली की झालं, असं तिला वाटलं. खरं तर पहिल्या पद्धतीतही एकच रेघ आहे, आणि आखूड आहे.

कधी कधी डिझाइनच असं असतं की आडवी घडी घालावीच लागते. मग आधी घडीची रेघ दाबून घ्या. संपलेलं बॉलपेनचं रिफिल आणि स्टीलची पट्टी, एवढं पुरतं. रेघ दाबल्यावर जी बाजू खोलगट दिसते ती घडीच्या बाहेर ठेवा, आत नाही. उलटं वाटेल, पण मागच्या बाजूला उठलेला तो उंचवटा घडीच्या आत गेला की बाहेरच्या थरावर ताण कमी येतो. मग चमच्याच्या पाठीनं घडी घासा. जास्त संख्या असेल तर पत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये "क्रीजिंग करून द्याल का?" असं विचारा. तिथे यासाठी मशीनच असतं.

पृष्ठभागाकडे येऊ. स्टॅम्पिंग करणाऱ्यांचं सगळं नशीब इथे ठरतं.

ढोबळमानानं कागद दोन जातींचे: कोटिंगवाले आणि बिनकोटिंगचे. आर्ट कार्ड म्हणजे कोटिंगवाला. वर खनिजांच्या भुकटीचा बारीक लेप असतो, फोटो फार देखणे छापले जातात, हात फिरवला की थंड आणि सरकता लागतो. त्यावर तुम्ही साध्या डाय इंकचा, म्हणजे पाण्यातल्या रंगाच्या शाईचा ठसा मारलात की शाईला आत शिरायला जागाच नसते. वर तरंगत राहते आणि अंगठा लागला की फासली. अशा कागदाला स्टेझऑनसारखी सॉल्व्हंटची शाई लागते. बिनकोटिंगचा कागद शाई पितो. आपल्याला हवा तो बहुतेक वेळा हाच. फक्त तो किती पितो हे बघायचं.

त्यासाठी पाण्याचा थेंब. बोट ओलं करा आणि नमुन्याच्या तुकड्यावर एक थेंब सोडा. टिपकागदासारखा लगेच पसरून शोषला गेला, तर त्या कागदाला खळ कमी आहे. त्यावर बारीक रेषांचा ठसा केसाळ दिसणार. थेंब मिनिटभर मण्यासारखा तसाच उभा राहिला, तर बहुधा कोटिंग आहे. थेंब आधी टिकला आणि मग हळूहळू, गोल आकार न सोडता आत गेला, तर तो कागद घ्या. दुकानात पाणी सांडायचं नाही हां, काका ओरडतील. नमुन्याची पट्टी मागून बाहेर येऊन करा.

दुसरी परीक्षा म्हणजे खरा ठसा. पर्समध्ये एक छोटा शिक्का आणि छोटा पॅड ठेवत जा. बारीक अक्षरांचा शिक्का चांगला, कारण 'क' चं पोट आणि 'म' ची गाठ भरली गेली की लगेच दिसतं. ठसा मारून अर्धं मिनिट थांबा, मग अंगठ्यानं पुसा. तिसरी फक्त रंगवणाऱ्यांसाठी: अल्कोहोल मार्कर वापरत असाल तर दोन रंग शेजारी लावून मिसळून बघा. गुळगुळीत, दाट कागदावर रंग मिसळतात. भुसभुशीत कागदावर पहिला रंग इतका झटकन आत जातो की दुसऱ्याला भेटतच नाही. पाण्याच्या रंगांसाठी यातला कुठलाच कागद नको. वॉटरकलरचा ३०० जीएसएमवाला घ्या, त्याचं छोटं पॅनेल कापा आणि साध्या बेसवर चिकटवा.

कधी कधी दोष कागदाचा नसतोच. ठसा मधे फिका येत असेल तर खाली वर्तमानपत्राच्या आठ-दहा घड्या किंवा जुना माउसपॅड ठेवून बघा. कडक टेबलावर कडक कागद असेल तर शिक्का सगळीकडे टेकत नाही.

रंगीत कागदाबद्दल थोडक्यात. कोपरा फाडून बघा. आतही तोच रंग असेल तर कागद आरपार रंगवलेला आहे, कापलेली कड स्वच्छ दिसते. आत पांढरं निघालं तर रंग फक्त वरवर आहे, घडीवर आणि कडेला पांढरं डोकावणार. काहींना कडा घासून ते जुनाट रूप मुद्दाम हवं असतं, त्यांना हाच बरा. आणि फोटोंचा अल्बम करत असाल तर अॅसिड-फ्री कागदावर दोन पैसे जास्त घाला. वर्तमानपत्र वर्षभरात पिवळं पडतं ते त्यात राहिलेल्या लिग्निन नावाच्या लाकडातल्या घटकामुळे. वाढदिवसाच्या कार्डाला याची फिकीर नको, पण आजीच्या लग्नाच्या फोटोखाली असा कागद नको. घरी तपासायचं तर कागदाची पट्टी अर्धी वहीत आणि अर्धी बाहेर अशी खिडकीत उन्हाला ठेवा. दोन-तीन आठवड्यांनी वही उघडा. रंग उडणारा कागद लपून राहत नाही.

हातकागदाबद्दल विचारणारेही बरेच आहेत. आपल्याकडे याची जुनी परंपरा आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचं नावच त्यावरून पडलंय आणि पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था १९४० पासून आहे. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला हा कागद चिवट असतो, टिकाऊ असतो आणि हातानं साचा हलवून केल्यामुळे त्यात ग्रेन जवळपास नसतो, कुठूनही दुमडा. पण खडबडीत असतो. बारीक अक्षरांचा शिक्का त्यावर तुटक उमटतो. मी त्यावर मोठे, भरीव ठसे मारते, पान, कुयरी, हत्ती, आणि बारीक मजकुरासाठी वेगळी गुळगुळीत पट्टी चिकटवते.

आता पैशांचं बोलू, तुम्ही त्यासाठीच थांबला असाल.

ए-फोरची पाकिटं सोयीची आहेत, पण त्यात तुम्ही पॅकिंगचे, कापण्याचे आणि "क्राफ्ट" या शब्दाचेही पैसे देता. कागदवाल्याकडे मोठे शीट मिळतात, २२ गुणिले २८ इंच हे माप तर अगदी नेहमीचं. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर फिरून बघा. तुमच्या गावात लग्नपत्रिकांची दुकानं आणि छापखाने जिथे आहेत, कागदवाला तिथेच जवळपास सापडतो.

आता वही काढा. २२ गुणिले २८ चा २५० जीएसएमचा एक शीट भरतो जवळपास १०० ग्रॅम. म्हणजे किलोला दहा शीट. कुणी किलोचा भाव सांगितला तर त्याला दहानं भागा, शीटचा भाव आला. त्या एका शीटमधून ए-सिक्सची कार्डं किती निघतात? ग्रेन २२ इंचाच्या बाजूनं असेल तर तीन गुणिले तीन, नऊ. ग्रेन २८ च्या बाजूनं असेल तर दोन गुणिले चार, आठ. तुकडे उभेआडवे मिसळून बसवले तर दहाही बसतात, आणि कापून देणारा दादा कौतुकानं तसंच सुचवेल, "मॅडम, वाया जात नाही." पण त्या दहातल्या चार कार्डांचा ग्रेन एकीकडे आणि सहांचा दुसरीकडे असतो, म्हणजे काहींच्या घड्या फुटणारच. नऊ घ्या. उरलेल्या पट्ट्यांची पॅनेलं, टॅग, बुकमार्क होतात.

समजा शीट २७ रुपयांना पडला, तर नऊ कार्डांचा बेस प्रत्येकी तीन रुपये. कार्ड तुम्ही साठ-सत्तरला विकत असाल तर बेसमध्ये पन्नास पैसे वाचवण्यासाठी घडी फुटणारा कागद घेणं किती महाग पडतं, तुम्हीच बघा. त्या कार्डात तुमचा तासभर गेलेला असतो. काटकसर करायची तर पॅनेलमागच्या थरांत करा. फोम टेपऐवजी डुप्लेक्सचे छोटे तुकडे लावा, आतल्या थराला साधा कागद वापरा. बाहेरून दिसतो, दुमडला जातो आणि ज्यावर ठसा पडतो, तो कागद चांगलाच हवा. छापखान्यात कापून उरलेल्या पट्ट्यांचा ढीग असतो, त्याचं काय करतात ते एकदा विचारून ठेवा. टॅगसाठी सोनं आहे ते.

पहिल्यांदा दहा-वीस शीट उचलू नका. एक शीट घ्या, घरी आणा, घडी, थेंब, ठसा तिन्ही करा. पटला तर त्यावर दुकानाचं नाव, प्रकार, जीएसएम आणि तारीख लिहून एक तुकडा डबीत ठेवा. पुढच्या वेळी तो तुकडाच काकांसमोर ठेवायचा, "हाच द्या." तरीही नवीन गठ्ठा आला की थेंब परत सोडून बघा. त्याच नावाखाली कागद बदललेला असतो, हे मी एकापेक्षा जास्त दुकानांत पाहिलंय.

शेवटचं, पावसाळ्याचं. आत्ता मुंबई-कोकणातली मंडळी मान डोलावत असतील. कागदातले तंतू ओल घेतात आणि लांबीला फारसे नाही पण रुंदीला फुगतात, म्हणून शीट ग्रेनभोवती वळतो. गुंडाळी करून कोपऱ्यात उभा ठेवलेला कागद जुलैत सरळ होत नाही. आडवा ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा, आत बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाका, वर जड पुस्तकं. भिंतीला आणि फरशीला टेकवू नका, पलंगाखाली खोक्यावर चालेल. पॅनेल चिकटवताना त्याचा आणि बेसचा ग्रेन एकाच दिशेला ठेवा आणि पाण्याच्या गोंदाऐवजी दोन्ही बाजूंची चिकटपट्टी वापरा, नाहीतर सकाळी कार्ड होडीसारखं झालेलं असतं. एम्बॉसिंग करणाऱ्यांनी कागदावर आधी टाल्कम पावडरचा हलका हात फिरवावा. दमट कागदाला ती एम्बॉसिंगची पूड नको तिथेही चिकटते, आणि हीट गन लावली की ते ठिपके कायमचे.

नाशिकच्या मैत्रिणीनं उरलेल्या कागदातून पहिल्या पद्धतीनं दोन कार्डं कापून फोटो पाठवलाय. घडी मी झूम करून पाहिली, एकही भेग नाही. पुढच्या भागात शाई. तोवर एक काम करा: घरात पडलेल्या कुठल्याही जाड कागदाचा ग्रेन शोधा आणि वाकवतानाचा आवाज मला व्हॉइस नोटवर पाठवा.